देवेंद्रच्या नावाची किल्ली

गोंदिया
१६ फेब्रुवारी २०२५

चि. देवेंद्र यास,

फोनवर तू नुसता "हो काका, हो काका" करतोस आणि शेवटी बटन चुकीचंच दाबतोस. म्हणून ई-मेल लिहितो आहे. एक ओळ वाचायची, ती करायची, मगच पुढची वाचायची. घाई करून बिघडवलंस तर मला पुन्हा विचारू नकोस.

बहिणीच्या, दुर्गाच्या साखरपुड्याला तुला राजस्थानातून सुटी मिळाली नाही, याचं वाईट मलाही वाटलं. सालेकश्याला तुमच्या अंगणात मी कॅमेरा लावत होतो तर रेवाराम येऊन उभा. म्हणाला, "भोजराज, पोराले दिसन असं काइ कर न बा." तुझ्या बापानं मला आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

माझ्या माळ्यावर जो संगणक रात्रंदिवस चालू असतो तो माझा सर्व्हर. केबलचा धंदा मोबाईलनं गिळला तेव्हा गल्लीतले लोक म्हणायचे, आता भोजराज पटले काय करणार? मी शूटिंग धरलं, मिक्सिंग शिकलो, कोणाच्या हाताखाली नाही, स्वतः. आणि जी लग्नं शूट केली ती सगळी गाव, साल, घराणं अशी लावून ठेवली. घरातल्या टीव्हीवर पाहिजे ते लग्न रिमोटनं लागतं. पण ते घरातल्या वायफायवरच. बाहेरच्याला दार बंद, कारण त्यात लोकांच्या लेकीसुना आहेत.

तुला तिकडे सोलर प्लँटच्या क्वार्टरमध्ये बसून पाहायचं, तर तुझा मोबाईल माझ्याच घरात आहे असं सर्व्हरला वाटलं पाहिजे. ते काम व्हीपीएन करतं. पूर्वी मी छतांवरून केबल टाकत होतो. ही तशीच केबल समज, फक्त दिसत नाही आणि मध्येच टाचणी टोचून कोणाला चोरून जोडता येत नाही. तिच्या टोकाला किल्ली लागते. सोबतची फाइल ही तुझी किल्ली. सर्व्हरवर तुझ्या नावाचं खातंही उघडलं आहे, पासवर्ड फोनवर सांगीन.

माझा नियम असा की ज्याची किल्ली त्याची. तुझी दुसऱ्याला द्यायची नाही, क्वार्टरमधल्या मित्रालासुद्धा नाही. मीही एकाची किल्ली दुसऱ्याला देत नाही.

तू कच्चं शूटिंग मागितलंस. ते मी कोणालाच देत नाही. पण तू म्हणालास, "तयार फिल्ममध्ये आई दिसतच नाही, ती पूर्ण वेळ चुलीजवळ होती." हे खरं आहे. म्हणून फक्त तुझ्या खात्यातून कच्चं फोल्डर दिसेल. त्यातली शेवटची फाइल लांबलचक आहे. मुलाकडचे देवरीचे पाहुणे उठल्यावर मी जेवायला बसलो आणि अंगणातला कॅमेरा स्टँडवर चालूच राहिला. त्यात भांडी घासण्यापलीकडे काही नसेल. मी पाहिलेली नाही.

तुझा,
भोजराजकाका

*

फलोदी
२० फेब्रुवारी २०२५

भोजराजकाका,

नमस्कार. एकाच दमात लागलं. एकही बटन चुकलं नाही, लिहून ठेवा.

दोन दिवस ड्यूटीवरून आलो की तेच पाहून राहिलो. दुर्गा एवढी मोठी कधी झाली? तिचा ओमेश पण बरा वाटला. बोलतो कमी, हसतो सरळ. वीज खात्यात कंत्राटावर लाइनमन आहे म्हणजे आपल्याच जातकुळीचा, तारेवर जगणारा. आई दिसली. धुरात डोळे चोळत होती, तुम्ही कॅमेरा वळवला तर पदर तोंडावर घेतला. तेवढंच पाहून मला इथं जेवण गेलं नाही.

एक काम आहे काका. ती शेवटची, अंगणातली फाइल काढून टाका. तिच्यात काही कामाचं नाही, उगीच जागा अडते. फक्त तेवढी एक काढा.

देवेंद्र

*

गोंदिया
२४ फेब्रुवारी २०२५

चि. देवेंद्र,

माझ्या सर्व्हरवरच्या जागेची काळजी तू करू नकोस. लग्न पार पडेपर्यंत कच्च्यातला एक तुकडाही मी काढत नाही. उद्या कोणी म्हणालं, मामा आहेर देताना राहून गेले, तर कुठून आणू? काम करायची ही माझी पद्धत आहे आणि ती मी कोणासाठी बदललेली नाही.

आता ऐक, परवा देवरीला जाऊन आलो. तुझ्या बापाच्या होणाऱ्या व्याह्यांनी, केवलरामजींनी बोलावलं होतं. फिल्म पाहायची, पेनड्राइव्ह द्या म्हणाले. मी म्हटलं, पेनड्राइव्ह काय मागता, मी तुमच्या टीव्हीला माझा सर्व्हरच जोडून देतो. सोबत टीव्हीला इंटरनेट लावायचा एक डबा नेला होता. हॉलमध्ये सतरंजी टाकलेली, शेजारपाजार जमलेला, म्हातारे पुढे. केवलरामजींचे भाऊ म्हणे, "पटलेभाऊ, गोंदियातलं इथं दिसन? मजाक करून राहिले का?" मी डबा काढला. वायर लावल्या, सेटिंग केलं, आणि दुर्गा-ओमेश टीव्हीवर आले. सावित्रीबाईंनी, म्हणजे ओमेशच्या आईनं, टीव्हीला हळदकुंकू लावलं. त्या भावाचा चेहरा तू पाहायला पाहिजे होता.

डबा तिथंच ठेवला आहे. लग्नाची फिल्मही त्यांना घरबसल्या दिसेल.

काका

*

फलोदी
७ मार्च २०२५

काका,

दोन गोष्टी.

पहिली, आठ-दहा दिवसांपासून लाइन तुटून राहिली. सुटीच्या दिवशी संध्याकाळी पाहायला बसलो की चालता चालता बंद. पुन्हा जोडलं की येते, पुन्हा जाते. दुपारी काही त्रास नाही.

दुसरी, देवरीच्या टीव्हीवर त्यांना तयार फिल्मच दिसते ना? कच्चं तर दिसत नाही? रागावू नका, विचारलं. आणि मी सांगितलं ते काम जमलं तर पाहा. ती एक फाइल.

देवेंद्र

*

गोंदिया
९ मार्च २०२५

देवेंद्र,

संध्याकाळी तुझ्या क्वार्टरमधली सगळी पोरं एकाच वायफायवर क्रिकेट पाहत असतील, म्हणून तुटते. राऊटरजवळ बसून पाहा. माझ्या बाजूनं सगळं व्यवस्थित आहे, मी तपासलं.

देवरीचं विचारतोस तर इतकी वर्षं लोकांच्या घरात तारा ओढल्या, पण "नीट जोडलं ना?" असं मला कोणी विचारलं नव्हतं. तू पहिला. तिथल्या माणसांना फिल्म पाहायची होती, ती ते पाहतात. एवढं उत्तर पुरे.

आणि त्या फाइलचं पुन्हा काढू नकोस. एवढी का टोचते, ते तरी सांग.

काका

*

फलोदी
१९ मार्च २०२५

काका,

सांगतो. आता लपवून काय उपयोग.

काल केवलरामजींनी बाबांना फोन केला. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाले, "तुमच्या पोरानं आमाले सगळं दाखवलं. असं तोंडावर मारायचं होतं तं साखरपुडा कायले केला? लगनाची तारीख आता राहू द्या." आणि फोन ठेवला. बाबांनी मला लावला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तू माया पोरगा नाई." त्यानंतर माझा फोन उचलत नाहीत. आई मोहाची फुलं वेचायला जंगलात गेलेली होती, तिला संध्याकाळी कळलं. दुर्गा खोलीतून बाहेर येत नाही म्हणे.

त्या अंगणातल्या फाइलमध्ये आई आणि बाबा बोलतात. पाहुणे गेल्यावर. आई म्हणते, पोरीच्या रक्ताचं सांगायला पाहिजे होतं. बाबा म्हणतात, सांगितलं तर उठून गेले असते, लग्न होऊ दे, मग पाहू. काका, दुर्गा सिकलसेलची वाहक आहे. तिला स्वतःला काही त्रास नाही, कधी झाला नाही. पण स्थळं येतात आणि हे ऐकून परत जातात. अशी दोन गेली. म्हणून या वेळी आम्ही सांगितलं नाही. आम्ही म्हणजे मीही. मला माहीत होतं.

मी ती फाइल कोणाला पाठवलेली नाही. आईची शपथ. मग देवरीला कशी पोचली? ती तुमच्या घरात होती आणि माझ्या मोबाईलवर दिसत होती. तिसरी जागा नाही.

मी तुम्हाला ती दोनदा काढायला सांगितली होती. तुम्ही तुमची पद्धत सांगितली.

देवेंद्र

*

गोंदिया
२१ मार्च २०२५

देवेंद्र,

तुझं पत्र वाचून आधी उठलो आणि माळ्यावर गेलो. बोलण्यापेक्षा नोंद पाहावी अशी माझी सवय आहे. कोणत्या खात्यातून काय उघडलं हे सर्व्हर लिहून ठेवतो. ती फाइल एकाच खात्यातून उघडली गेली आहे. तुझ्या. आणि एकदा नाही, कितीतरी वेळा. होळीच्या आधीच्या आठवड्यात तर लागोपाठ संध्याकाळी. शेवटपर्यंत पाहिलेली आहे.

माणूस शपथ घेऊन खोटं बोलतो. सर्व्हरला ते येत नाही. तू क्वार्टरमध्ये कोणाला दाखवली असशील, कोणी मोबाईलवर मोबाईल धरून उचलली असेल, आणि आजकाल देवरी कुठे लांब राहिली आहे! मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, मित्रालासुद्धा नाही.

आणि दुसरं. रेवारामला मी माझा दोस्त समजत होतो. त्याच्या अंगणात मी पोरीचा हसरा चेहरा शूट करत होतो आणि हे घर मनात हे धरून बसलं होतं. तुम्ही समोरच्या घराला फसवलं, आणि ते उघडं पडलं तर बोट माझ्याकडे? या धंद्यात माझ्या हातून एका घराची गोष्ट दुसऱ्या घरात कधी गेलेली नाही. गोंदियात कोणालाही विचार.

भोजराज पटले

*

फलोदी
२३ मार्च २०२५

काका,

फसवलं हे मान्य. त्याबद्दल तुम्ही जे म्हणाल ते ऐकून घेईन. पण नोंदीचं ऐका.

मी ती फाइल पाहिली, पुष्कळदा पाहिली. अर्धी पाहायचो आणि बंद करायचो. पुढे ऐकवत नव्हतं. शेवटपर्यंत मी ती एकदाच पाहिली, पहिल्या दिवशी. होळीच्या आधीचा पूर्ण आठवडा माझी दुसरी पाळी होती. दुपारी गेटवर मोबाईल बंद करून जमा करावा लागतो आणि सुटल्यावरच मिळतो. गेटवरच्या रजिस्टरचा फोटो सोबत जोडतो, सही पाहून घ्या. त्या संध्याकाळी माझ्या नावानं तुमच्या घरात कोण बसलं होतं?

मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन आहे. तुमच्याएवढं कळत नाही, पण एवढं कळतं की एका तारेवर दोघं लटकले की दोघांनाही झटके बसतात. माझी लाइन संध्याकाळी तुटत होती. तुम्ही देवरीहून आल्यापासून.

एकच विचारतो आणि एका ओळीत सांगा. देवरीच्या डब्यात कोणाची किल्ली घातली?

देवेंद्र

*

गोंदिया
२७ मार्च २०२५

देवेंद्र,

तुझी.

एका ओळीत मागितलंस म्हणून तसं लिहिलं. आता बाकीचं वाच.

त्या दिवशी देवरीसाठी किल्ली बनवायची राहून गेली होती. पेनड्राइव्हवर तुझ्या किल्लीची फाइल होती, तुला पाठवताना ठेवलेली. सतरंजीवर माणसं बसलेली, तो भाऊ मजाक करून राहिलेला. मी "उद्या येतो" म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. तुझी किल्ली घातली, तुझंच खातं उघडलं, फिल्म लावून दिली आणि मनात म्हटलं, पुढच्या खेपेला बदलू. एका किल्लीवर दोन जण आले की सर्व्हर शेवटी ज्यानं हाक मारली त्यालाच दार उघडतो, पहिला बाहेर पडतो. हे मला माहीत आहे. तुझी लाइन तुटते हे वाचलं तेव्हाही माहीत होतं. मी तुला राऊटरजवळ बसायला सांगितलं.

तुझं पत्र वाचल्यावर किल्ली कुठून कुठून आली ते पाहिलं. दुपारी राजस्थान, संध्याकाळी देवरी. मग ती फाइल लावली आणि पहिल्यांदा पूर्ण ऐकली. तू मला सगळं लिहिलं नाहीस. आई-बाबांच्या मागे दुर्गा ताटं गोळा करते आहे. ती म्हणते, "मीच सांगू का त्याईले?" आणि रेवाराम म्हणतो, "तू चूप राय." हे तू गाळलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं देवरी गाठली. केवलरामजी ओसरीवर होते. बसा म्हणाले नाहीत.

"आता कायले आले? राह्यलेलं दाखवाले?"

मी म्हटलं, टीव्ही लावा. डबा सुरू झाला तसं पडद्यावर वरच तुझं नाव आलं, आणि त्याखाली "अर्धवट पाहिलेलं" म्हणून तीच अंगणातली फाइल, पहिली. तू तिकडे अर्धी पाहून बंद करत होतास आणि ती यांच्या टीव्हीवर रोज वर येऊन बसत होती.

सावित्रीबाई म्हणाल्या, "मले वाटलं पोरानं पाठवली, पाहा म्हनून. मी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. म्हटलं हा खिजवून राहिला का आमाले?"

मी सांगितलं, देवेंद्रनं काही पाठवलं नाही. किल्ली त्याची होती, घातली मी. तुमच्या समोर, तुमच्या हॉलमध्ये. चूक माझी.

केवलरामजींनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "पर बोलनं तं खरं हाय न त्याईचं? लपवलं तं हाय."

"लपवलं. ते चूकच," मी म्हटलं. "पण रक्ताची गोष्ट नीट समजून घ्या. एक वाहक असला आणि दुसरा नसला तर लेकरांना पूर्ण आजार होत नाही. ओमेशचं रक्त तपासून घ्या. त्याचं साफ निघालं तर लग्न मोडायचं कारणच उरत नाही."

सावित्रीबाई उठल्या आणि आत गेल्या. चहा ठेवायला नव्हे, नुसत्याच गेल्या. केवलरामजी चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मला वाटलं मी काही तांत्रिक चुकीचं बोललो.

ओमेश दारात उभा होता. कामावरूनच आला होता, हातमोजे खिशात. म्हणाला, "काका, तपासायचं काइ राह्यलं नाई. शाळेत शिबिर झालं होतं तवाच निघालं. मी बी वाहक हाव."

"तू चूप राय!" केवलरामजी ओरडले.

तेच शब्द. आदल्या दिवशी ते रेवारामच्या तोंडून ऐकले होते, आता यांच्या.

म्हणजे हा राग फसवलं म्हणून नव्हता. दुर्गाची गोष्ट निघाली तर कोणीतरी म्हणेल, पोराचंही पाहू. म्हणून त्यांनी रक्ताचा शब्दही न काढता फक्त "तोंडावर मारलं" एवढंच म्हणून फोन ठेवला. दोन्ही घरं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

डबा काढून आणला. तुझी ती किल्ली रद्द केली, नवी सोबत पाठवतो आहे. मागच्या पत्रात मी जे जे लिहिलं ते तू वाचलंस, ते न वाचल्यासारखं कर असं म्हणणार नाही. ठेव. गोंदियात कोणालाही विचार म्हणालो होतो, तर आता देवरीतही विचारता येईल.

घाईचं हे की दोघंही वाहक असले तर प्रत्येक मूल होताना त्याला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. हे दुर्गाला माहीत नाही. रेवारामला मी सांगू, की तू?

काका

*

फलोदी
२ एप्रिल २०२५

काका,

तुम्ही सांगायच्या आधीच सांगून झालं. केवलरामजी स्वतः सालेकश्याला गेले होते.

बाबांचा फोन आला. इतक्या दिवसांनी. आवाज एकदम मोकळा. म्हणाले, "पोरा, झालं, मिटलं. त्याईचंबी तसंच हाय न आपलंबी. बराबरी झाली. आता कोनी कोनाले बोलाचं काम नाई. तारीख तीच." मे महिन्यातली, तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायच्या आधीची. दोघांनी बसून मोहाची घेतली आणि एकमेकांना व्याही म्हणाले. मला म्हणाले, सुटी आताच टाक.

काका, फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं. बाप बोलला, लग्न उभं राहिलं, माझ्यावरचा आळ गेला. मी मेसमध्ये जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग तुमच्या पत्रातली ती ओळ आठवली, चारात एक. आमच्या गावात तसं एक लेकरू आहे. थंडी पडली की त्याचे हातपाय सुजतात आणि त्याच्या रडण्यानं आजूबाजूची घरं जागी राहतात. तुम्हीही ऐकलं असेल. आणि दोन बाप बराबरी झाली म्हणून टाळी देऊन राहिले.

मी बाबांना परत लावला. म्हटलं, दुर्गाला विचारलं का? म्हणाले, "तिले काय इचारायचं? पोरगा तिले पसंद हाय."

ते खरं आहे, तेच वाईट आहे. तो तिला पसंत आहे.

मी इथून फोनवर बोललो तर बाबा ठेवून देतात. माझ्यासाठी नाही, पण तुम्ही जा. तुमचा शब्द बाबा ऐकतात. आणि आपली दोघांची सगळी पत्रं मी दुर्गाला पाठवून दिली आहेत, पहिल्यापासून. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही पद्धत सांगितली असती.

देवेंद्र

*

गोंदिया
४ एप्रिल २०२५

देवेंद्र,

पाठवलीस ते बरं केलंस.

काल सालेकश्याला जाऊन आलो. रेवाराम अंगणात खाटेवर, शेजारी मोहफुलं वाळत घातलेली. मी चारात एक कसं ते पाट्यावर चार खडे ठेवून समजावलं. त्यानं एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तीन तं बाकी राहून राहिले न बा." मी म्हटलं, रेवाराम, पहिलाच तो निघाला तर? प्रत्येक खेपेला चारही खडे पुन्हा ठेवायचे असतात. तो म्हणाला, "भोजराज, तुये मशीन तुया जवळ ठेव. लगन मोडलं तं मंग पोरीले कोन करन, तू आनशीन का पोरगा?" मी खडे गोळा केले आणि उठलो.

तुझी आई, धनवंतावहिनी, चुलीजवळून उठल्या. निघताना फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "दुर्गा घरी नाई. सकाळच्या गाडीनं गोंदियाले गेली. कोनाले सांगू नका म्हने."

मी तुला सांगतो आहे. बाकी कोणाला नाही.

काका

*

सालेकसा
६ एप्रिल २०२५

दादा, आणि भोजराजकाका,

दोघांना एकच पत्र लिहिते. तुमची सगळी वाचली. किल्ली कोणाची, लाइन कोणाची तुटली, नोंद काय म्हणते, सगळं समजलं. एवढ्या पत्रांत दुर्गाला काय वाटते हे कोणीच विचारलं नाही. दादानं विचारलं, पण ते बाबांना.

काका, मी गोंदियाला सरकारी दवाखान्यात गेली होती. ओमेशला मीच फोन करून बोलावलं. त्याचा नंबर माझ्याजवळ साखरपुड्यापासून होता, कधी लावला नव्हता. तो कामावरच्या कपड्यातच आला. तिथल्या समजावणाऱ्या मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. तुमचे चार खडे त्यांच्याकडे कागदावर होते, तेच. गरोदरपणात तपासता येते हेही सांगितलं, आणि तपासून तसं निघालं तर काय करावं लागते तेही. "करू नका" असं त्या म्हणाल्या नाहीत. "विचार करा" म्हणाल्या आणि दार लोटून बाहेर गेल्या, आम्हाला एकटं बसू दिलं.

ओमेश म्हणाला, "तू काय म्हणते?" मला हे विचारणारा तोच पहिला. मी म्हटलं, मी पहिलं लेकरू झालं की त्याच्या पायाकडे पाहत राहीन, सुजला का, सुजला का. माझ्याच्यानं नाही होणार. तो म्हणाला, माझ्याच्यानं पण नाही. मग आम्ही बाहेर येऊन रसवंतीवर रस प्यायलो. तो वाईट असता तर सोपं होतं.

घरी दोघांनी आपापल्या सांगितलं. त्यानं त्याच्या, मी माझ्या, एकाच वेळी, ठरवून. म्हणजे कोणी कोणाला "तुमच्याकडून मोडलं" म्हणायला नको. बाबांनी ताट सरकवलं, जेवले नाहीत. मला "चूप राय" म्हणाले. मी राहिली नाही. सगळं बोलली. आई मध्ये पडली नाही, पण माझ्याजवळ येऊन बसली.

दादा, सुटी टाकली असशील तर रद्द करू नको. ये. लग्न नाही म्हणून काय झालं, मी आहे न घरी.

आणि बाबा सारखे म्हणून राहिले, आता तुले कोन करन. ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की पुढच्या वेळी पाहुणे आले की आई चूल पेटवायच्या आधी मी बाहेर येऊन माझ्या तोंडानं सांगणार. बसले तर बसले. उठून गेले तर तेवढा चहा वाचला.

दुर्गा